घरात माणसं किती?

गुरुवार, रात्री साडेनऊ

आज नानांचं वर्षश्राद्ध. बाराला गुरुजी गेले, पानं उठली आणि दुपारी शटर वर करून गव्हाच्या चक्कीला टाकी लावली, म्हणजे बोथट झालेले दगड छिन्नीने पुन्हा कोरले. आत्या म्हणाल्या, आजच्या दिवशी कसलं काम काढता? पण पुण्यात वीज दुरुस्तीसाठी जाते ती गुरुवारी, म्हणून नारायण पेठेतल्या नानांच्या या पिठाच्या गिरणीची सुट्टी गुरुवारी, आणि सुट्टी म्हणजे टाकीचा वार. हा नेम नानांचाच.

दोन्ही दगड उघडायचे, ब्रशने झाडायचे, पाण्याचा थेंब लावायचा नाही. चऱ्या, म्हणजे दगडावर कोरलेल्या खाचा, मध्यापाशी खोल आणि कडेकडे उथळ होत जायला हव्यात. शेवटचे दोन इंच जवळजवळ सपाट, कारण बारीकपणा तिथे येतो. चऱ्या बोथट झाल्या की गिरणीवाला टाकीचा आळस करून दगड आवळत जातो. मग पीठ हात लावू देत नाही इतकं तापतं, आणि असल्या पिठाची पोळी संध्याकाळपर्यंत डब्यात चामड्यासारखी होते. टाकीनंतरचं पहिलं दोन किलो दळण फेकायचं, कारण त्यात दगडाची कच असते. ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या डब्यात ढकलणारेही आहेत. नानांकडून ते आळीतली पोरं आकाशकंदिलाच्या खळीसाठी न्यायची.

पाण्याची एवढी धास्ती कुठून आली, तर पानशेतमधून. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा नाना सोळा वर्षांचे. वडिलांची गिरणी बुडाली. मोटर नवं वाइंडिंग भरून चालू झाली, दगड मात्र गेले. चक्कीचा दगड एमरी या कठीण खनिजाचा, पण अखंड नसतो. खडे मॅग्नेसाइटच्या मसाल्यात बसवलेले असतात आणि तो मसाला पाण्यात मुरला की पकड सुटते. वरून दगड धड दिसतो, फिरवला की खडे सुटतात. वर्षाची कमाई त्या दगडांबरोबर गेली. तेव्हापासून ओलसर धान्याशी त्यांचं हाडवैर.

गणपतीच्या आधी बायका मोदकांसाठी धुतलेला आंबेमोहोर घेऊन यायच्या. नाना मूठभर तांदूळ घट्ट दाबून मूठ उघडायचे. दाणे सुटे पडले तर डबा आत, तळहाताला चिकटले तर "वहिनी, अजून दोन तास पंख्याखाली पसरा." ओल्या तांदळाचा लगदा चऱ्यांत थापला जातो आणि मग अर्धा दिवस खरवडत बसावं लागतं.

दुपारी एक ते चार बंद. यावरून पुणेकरांची थट्टा होते, होऊ दे. सहा तास फिरलेले दगड निवायला एवढा वेळ लागतोच. शिवाय दीडला मुलं शाळेतून यायची आणि त्यांच्या पंगतीला बसणं नानांनी कधी चुकवलं नाही. आधी मागच्या दारी कपडे झटकून आंघोळ, मग पानावर. धाकट्याला दमा होता, पिठाची धूळ त्याला सोसायची नाही. चक्कीच्या तोंडाला डब्यापर्यंत पोचणारी लांब कापडी बाही नानांनी त्याच्यासाठी बसवली. काकूंच्या जुन्या सुती साडीची, दुहेरी शिवलेली. सिंथेटिक कापडातून हवा निघत नाही आणि पीठ उलटं उडतं.

नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "घरात माणसं किती?" बाजरी पाच किलो आणली आणि माणसं तीन, तर दीडच किलो दळून बाकीची परत. बाजरीत तेल असतं, पीठ आठ-दहा दिवसांत कडू पडतं. दळणाचे पैसे बुडतात, हे काकूंनी अनेकदा ऐकवलं होतं. एकदा एक बाई ज्वारी घेऊन आल्या, मुलाला गहू वर्ज्य होता. ज्वारीची चक्की वेगळी होती, तरी नानांनी नकार दिला. "चक्की वेगळी, पण हवा एकच. घरघंटी घ्या." ते गिऱ्हाईक कायमचं गेलं.

ही माणसांची नोंद निळ्या वहीत आहे: नाव, माणसं, बारीक की मध्यम. लेक सासरी गेली की आकडा खोडून कमी, नातू झाला की वाढवलेला, पण दात येईपर्यंत अर्धा! पहिल्याच ओळीत "घर" आहे. तिथला आकडा सात वेळा बदललाय, सगळा नानांच्या हातचा.

दगड बसवून झाले. फेकायचं दळण उद्या वीज नीट आली की साडेसहाला. सातला जोशीबाईंचे पाच किलो सिहोर गहू, मध्यम. ताजी टाकी आहे, पहिला तासभर दगड थोडा सैल ठेवायला हवा.