फ्लॅट टॉप्समधले चार दिवस: बंदूक मित्राची, दुर्बीण माझी

कोलोरॅडोत राहून दहा वर्षं झाली, पण एल्कच्या, म्हणजे इथल्या थोराड हरणाच्या, शिकारीला यंदा पहिल्यांदाच गेलो. ऑक्टोबरात ऑफिसातल्या मित्राने फ्लॅट टॉप्सच्या रानात नेलं. परवाना त्याचा, बंदूक त्याची. माझ्याकडे डोंगर न्याहाळण्याचं काम आणि नशीब उघडलंच तर मांसाची हमाली. या रानात गाडीला बंदी, त्यामुळे सगळं पाठीवर.

ताकद जास्त तेवढं लांबचं दिसेल, या हिशेबाने मी १२×५० दुर्बीण घेतली होती (पहिला आकडा ताकद, म्हणजे किती पट मोठं दिसतं; दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये). किलोभराचा धोंडा, गळ्यात नुसता पट्टा. दीड तास चढून वर पोचलो तेव्हा मान अवघडलेली, धाप लागलेली, आणि दुर्बीण डोळ्याला लावली की समोरचा अख्खा उतार नाडीबरोबर हलायचा. मित्राने आपली जुनी १०×४२ छोट्या ट्रायपॉडवर चढवली आणि खडकाला टेकून बसला. वीस मिनिटांनी कुजबुजला, "त्या वठलेल्या झाडाच्या डावीकडे बघ." मला बुंधा दिसला. त्याच्या दुर्बिणीतून बघितलं, तर बुंध्याचा कान हलला! मादी होती, याचा परवाना नराचा.

तर जाणाऱ्यांनी १०×४२ घ्यावी. हात फारच थरथरत असेल तर ८×४२. सोबत ट्रायपॉडला जोडायचा अडॅप्टर हवाच. पुढच्या भिंगाच्या व्यासाला ताकदीने भागा: ४२ भागिले १० म्हणजे ४.२ मिलिमीटर, एवढ्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो; तो जितका रुंद तितकं अंधुक उजेडात बरं दिसतं. खिशातल्या १०×२५ मध्ये तो जेमतेम २.५. इथे शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, आणि जनावर बाहेर पडतं ते नेमकं त्या झुंजुमुंजूला नि तिन्हीसांजेला. म्हणून दुकानातल्या झगमगाटात पारख करू नका. संध्याकाळी जा आणि दाराबाहेर येऊन समोरच्या झाडाच्या सावलीत बघा.

चष्मेवाल्यांनी डोळा आणि भिंग यांत निदान १५ मिलिमीटर अंतर चालेल अशीच घ्यावी आणि रबरी कप खाली करून बघावं. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस घ्या. आत नायट्रोजन भरलेली दुर्बीण आतून धुरकटत नाही, बाहेरून मात्र धुरकटते. मी चढताना ती जॅकेटच्या आत ठेवली, घामाच्या वाफेने भिंगं आंधळी झाली, ती टीशर्टने पुसली. ओरखडा अजून आहे.

आणि माणूस आहे की जनावर, हे बंदुकीच्या दुर्बिणीतून कधीही बघायचं नाही. रायफलवाल्याला भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे सक्तीचे. मी रिकाम्या हाताचा, तरी घातले.

एल्क मिळाला नाही. परतताना रस्त्याकडेच्या शेतात, कुंपणापलीकडे, खासगी जमिनीवर चाळीसेक एल्क निवांत चरत होते. ते बघायला दुर्बीण काढावीच लागली नाही.