शहापूर-डोळखांब साइडला उन्हाळ्यात जाऊन आलो, कोणी जाणार असेल तर वाचा

शहापूर तालुक्यात लोक पावसाळ्यात धबधबे बघायला जातात, आम्ही मुद्दाम एप्रिलमध्ये गेलो. माझी मावसबहीण तिकडे एका पाड्यावरच्या झेडपी शाळेत शिकवते, ती कधीची मागे लागलेली की तुम्ही ठाणेकर नळ चालू ठेवून दात घासता ना, एकदा या इकडे.

जायचं कसं, तर ठाण्याहून आसनगाव किंवा कसारा लोकल पकडा, आसनगावला उतरा, बाहेरच शहापूर डेपोसाठी शेअर रिक्षा मिळतात आणि डेपोतून डोळखांबची एसटी. चढल्या चढल्या कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा. बायकांना 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, आमच्या गाडीत निम्म्याहून जास्त बायकाच होत्या, कोणी बाजाराला, कोणी नातवाला दवाखान्यात घेऊन.

ताईच्या पाड्यापर्यंत आता डांबरी रस्ता झालाय. तिथे एका दादांची भेंडी बघितली, बंधाऱ्याच्या कडेला छोटासा तुकडा. भेंडी दिवसाआड तोडावीच लागते नाहीतर जून होते, आणि रस्ता नव्हता तोवर डोक्यावरून फाट्यापर्यंत आणण्यातच सकाळ जायची, म्हणून ते फक्त भात लावायचे. आता टेंपो दारात येतो, माल वाशी मार्केटला जातो. घरावर नवे पत्रे, पोरगी शहापूरला कॉलेजला. रस्त्याने काय होतं ते हे.

पण त्याच रस्त्यावर जरा वर गेलो तर घरांना कुलपं. माणसं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली, पावसाच्या तोंडावर येतील. त्यांच्या जमिनीला पाणी नाही, मग भेंडी कसली लावणार. ताई म्हणाली, "पूर्वी मुकादमाचा ट्रक खाली फाट्यावर थांबायचा, आता अंगणात येतो." तिच्या वर्गातली बरीच पोरं त्याच ट्रकने जातात. म्हणजे रस्ता एकच, ज्याच्याकडे पाणी आहे त्याचा माल बाहेर जातो आणि ज्याच्याकडे नाही तो स्वतःच जातो.

नळ आहेत हां, ओटा बांधलाय, निळा रंग मारलाय, तोटीवर कोणाचा तरी टॉवेल वाळत होता. पाणी टँकरचं, ते विहिरीत ओततात आणि मग बायका बादल्या सोडून ओढतात. मुंबईच्या पाण्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसा धरणाचं, आपल्या ठाण्यालाही भातसा नदीचं येतं, आणि ते धरण याच तालुक्यात! कारण साधं आहे, धरणं खाली आणि पाडे वर डोंगरात, पाणी चढवायचं म्हणजे पंप आणि लाइट बिल. म्हणून इगतपुरीकडच्या उंचावरच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना आहे, तिकडे ज्याला त्याला त्या योजनेबद्दलच विचारत होतो.

समृद्धी महामार्गाचंही तसंच, 701 किमीचा रस्ता, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किमीचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला, भारी आहे, पण त्यावर बाइकला परवानगी नाही आणि पाड्यावर असली तर बाइकच असते. उलट ग्रामसडक योजना 2000 साली आली तेव्हा निकष 500 लोकवस्तीचा, डोंगरी-आदिवासी भागात 250. तीस-चाळीस घरांचा पाडा त्यात कुठून बसणार? अशा पाड्यांना अजून पायवाटच, पावसात आजारी माणूस झोळीत घालून आणतात.

जाणाऱ्यांनी पाणी घरून न्या, माणशी तीन लिटर तरी, तिथल्या हंड्यातलं मागू नका, ते देतील पण मागू नका. विहिरीवरच्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका. पोरांना चॉकलेटं वाटण्यापेक्षा शाळेला काय लागतं ते सरांना किंवा बाईंना विचारा. नेटवर्क मध्येच जातं, म्हणून थोडी कॅश ठेवा. भेंडी घ्यायची असेल तर पहाटेच पोचा, टेंपो भरून गेला की किलोभरही उरत नाही.