४०७चा वॉटर पंप आणि काउंटरवरचा शहाणा

कुंभार्ली घाटात गाडी गरम होते याचं कुणाला नवल नाही. आमचा टाटा ४०७ ट्रक, गाडी जुनी, त्यात चिपळूणकडून वर येताना मागे जांभ्याचे चिरे. पण यंदा सपाटीलाही तापमानाचा काटा वर जायला लागला आणि रेडिएटर रोज सकाळी पाणी मागायला लागला. जो तो म्हणे, "हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग) गेलं, इंजिन उघडा." ते गेलं की पाणी ऑइलमध्ये मिसळू शकतं. पण डिपस्टिकवर ऑइल काळंच होतं, दुधाळ नव्हतं. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या तोंडात डोकावलो, बुडबुडे नाहीत. मग इंजिन उघडायचं कशाला?

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवला. सकाळी कूलंटचा हिरवट डाग बरोबर वॉटर पंपाखाली, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाखाली. पंपाच्या पोटाला खालून एक बारीक भोक असतं. सील गेलं की पाणी तिथून टपकतं, म्हणजे ते बेअरिंगपर्यंत पोचायच्या आत आपल्याला कळावं. काही महाभाग हे भोकच एमसीलने बुजवतात! इंजिन बंद ठेवून बेल्ट सैल केला, फॅन दोन्ही हातांनी हलवला, तर चांगला खेळ. म्हणजे बेअरिंगही गेलेलं.

पंप उतरवायला फार वेळ लागला नाही. त्रास पुढे झाला, स्पेअरच्या दुकानात.

जुना पंप काउंटरवर ठेवला. काउंटरवाल्याने तो हाताने बाजूला सारला. "मॉडेल? साल?" सांगितलं. हेही सांगितलं की आधीच्या मालकाने इंजिन बदललंय, तेव्हा सालावर जाऊ नका, हा इंजिन नंबर लिहून आणलाय. कागद बघायलाही तयार नाही. "अहो, चारशेसातला हाच पंप लागतो. रोज विकतो आम्ही." बरं, दोन्ही शेजारी ठेवून बघू द्या म्हटलं, तर आधी पैसे, मग बॉक्स. वर, जुना इथेच ठेवा, दोनशे कमी करतो. जुना मी दिला नाही.

घरी बॉक्स उघडला. बोल्टची भोकं जुळली, पण हब (पंपाचा पुढचा भाग, ज्यावर पुली आणि फॅन बसतो) जुन्यापेक्षा चांगला दहा-बारा मिलिमीटर पुढे. बेल्ट क्रँकच्या पुलीशी सरळ येईना. तसाच ओढून बसवला असता तर बेल्टची एक कड खाल्ली गेली असती आणि फॅन थेट रेडिएटरच्या जाळीवर.

परत दुकान. "बॉक्स उघडलेला माल परत होत नाही." अहो, पैसे भरल्याशिवाय तुम्ही उघडू देत नाही, आणि उघडल्यावर परत घेत नाही, मग माणसाने तपासायचं कधी? "मालक आले की बघू." मालक जेवायला गेलेले. मालक भेटले तेव्हा काउंटरवाला रजेवर, आणि त्याला विचारल्याशिवाय मालकांना काही सांगता येईना. पावतीवर "४०७ पंप" एवढंच लिहिलेलं, नंबर नाही. तेवढ्यात गाडी उभी, चिऱ्यांचं भाडं दुसऱ्याला गेलं. पावतीवर इंजिन नंबर किंवा पार्ट नंबर लिहून घ्याच. नाही लिहिला तर दुकान बदला.

शेवटी चुलत्यांनी सांगितलं, लेथवाल्याकडे जा. जुन्या पंपाचं बीड (ओतीव लोखंडी अंग) शाबूत होतं, पाणी ढकलणाऱ्या इम्पेलरची पातीही झिजलेली नव्हती. बेअरिंग, सील आणि पॅकिंगचं किट नव्या पंपाच्या मानाने किरकोळ पैशात मिळालं. लेथवाल्या मामांनी आधी व्हर्नियरने हबची उंची मोजून भिंतीवर खडूने लिहिली, मगच हब ओढला. नवं बसवून हब त्याच मापावर दाबला. सील बाहेरच्या कडेवर दाबायचं. मधल्या कार्बनला हातोडी तर सोडाच, तेलकट बोटही लावायचं नाही. मी नुसता बघत होतो, आणि काउंटरवरचा राग निम्मा तिथेच उतरला.

हो, एक राहिलं. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा. आणि काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

भरताना बोअरचं पाणी टाकलं नाही, त्याने आत खर धरते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) उघडून वरचा होज तापला तशी पातळी खाली गेली, पुन्हा भरलं. (गरम गाडीचं झाकण मात्र उघडायचं नाही, कितीही घाई असो.) मग भरल्या गाडीने कुंभार्ली चढलो, काटा मध्यावरून हलला नाही.

नवा पंप अजून माझ्याकडेच पडून आहे. कुणाच्या इंजिनाला हब पुढे असलेला लागत असेल तर माप कळवा. किंमत पावतीवरचीच, रुपया कमी होणार नाही. आणि बॉक्स आधी उघडून बघायला मिळेल.