शपथेऐवजी एक कागद

‘‘मॅडम, त्याच्याकडून शपथ घ्या. पुन्हा असं करणार नाही म्हणून. आमचं तर तो ऐकतच नाही.’’

वडील खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागले होते. मुलगा सोळा वर्षांचा. ऐन उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, नजर टेबलाच्या कडेवर. त्याने स्वतःच्या हातावर करून घेतलेल्या जखमांचं ड्रेसिंग झाल्यावर डॉक्टरांनी त्याला थेट माझ्याकडे, समुपदेशन कक्षात पाठवलं होतं. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

शपथ मी कुणाकडूनच घेत नाही. ती मोडली की माणूस लपवायला लागतो, आणि मग मदत त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली. मुलाला सांगितलं, तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर घरच्यांना सांगावं लागेल. मग सरळ विचारलं, ‘‘मरून जावं असं वाटतं का?’’

हा प्रश्न विचारायला पुष्कळ जण कचरतात. नसता विचार आपणच डोक्यात घालू, अशी भीती असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून अनेकांना हायसं वाटतं. आणि विचारायलाच हवं. स्वतःला इजा करणाऱ्या अनेकांना त्या क्षणी मरायचं नसतं, तरी पुढे आत्महत्येचा धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त असतो.

‘‘मरायचं नाहीये,’’ तो म्हणाला. ‘‘डोक्यातलं थांबवायचं असतं.’’

लक्ष वेधून घ्यायला करतात, असं लोक बिनदिक्कत बोलतात. मला त्याचा मनापासून राग येतो. हा मुलगा सगळं बाह्यांखाली झाकत आला होता.

मग आम्ही शेवटचा प्रसंग शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडत नेला. त्याआधी काय झालं? त्याच्या आधी? मित्रांनी ग्रुपमधून काढलं होतं, त्या रात्री झोप नव्हती, सकाळी घरी मार्कांवरून बोलणी बसली. छाती भरून आली, खोलीचं दार लावलं. तिथून पुढची काही मिनिटंच काय ती अवघड. स्वतःला इजा करण्याची ही उबळ लाटेसारखी चढते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत तग धरता येणं शिकता येतं.

ही उलगडण्याची पद्धत ‘डीबीटी’ (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या, तीव्र भावना सांभाळायला शिकवणाऱ्या मानसोपचारातली. तो उभा करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान 1961 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, स्वतः याच त्रासापायी रुग्णालयात दाखल होत्या. 2011 मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. मी हे बोलले तेव्हा मुलाने पहिल्यांदा मान वर केली. ‘‘म्हणजे त्यांनाही असं व्हायचं?’’

तग कसा धरायचा, ते करून पाहायला कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये गार पाणी भरलं. हृदयाचा काही त्रास नाही ना, हे आधी विचारून घेतलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला. ठोके शंभरच्या वर होते. श्वास रोखून त्याने चेहरा पाण्यात बुडवला, काही सेकंदांनी वर काढला, पुन्हा बुडवला. तोंड पुसून आकडा पाहिला तर तो खाली आला होता. गार पाणी चेहऱ्याला लागलं आणि श्वास रोखला की शरीर हृदयाची गती आपोआप कमी करतं. ‘‘हे मी केलं?’’ असं म्हणत तो त्या छोट्या पडद्याकडे पाहत राहिला. दुःख याने जात नाही. अवघड मिनिटं मात्र निभावता येतात.

त्यानंतर आम्ही कागद घेतला. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेल्या सुरक्षा आराखड्याच्या धर्तीवर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: उबळ येतेय हे कशावरून कळतं, एकट्याने काय करता येईल, कुणाजवळ जाऊन बसता येईल, कुणाला फोन करायचा, कोणत्या डॉक्टरांकडे जायचं. माणसांच्या रकान्यात मावशीचं नाव लगेच पडलं. वडिलांचं लिहू की नको, यावर पेन बराच वेळ थांबलं. शेवटी लिहिलं: ‘बाबा (ओरडले नाहीत तर)’.

त्याच्या परवानगीने कागद वडिलांना दाखवला. कंस वाचून ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘मी काय करायचं, मॅडम?’’

घरातल्या धोकादायक वस्तू कुलपात ठेवा. रोज हात तपासू नका. तो आला की कारण विचारू नका, शेजारी बसा.

‘‘नुसतं बसायचं?’’

‘‘हो. आणि त्याला बोलावंसं वाटलं तर ऐकायचं.’’

मानसोपचारतज्ज्ञांची वेळ त्याच दिवशी घेऊन दिली. पुढच्या भेटीआधी एकदा पुन्हा इजा झाली होती. ते त्याने आल्या आल्या सांगितलं, बाबांनाही आधीच सांगून आला होता. आम्ही परत कागद काढला आणि त्या रात्रीपासून उलगडायला बसलो. कंसातले शब्द त्याने खोडले होते.