शेवटचे तीन महिने आणि नंतरचे तीन

गरोदरपणात माझी तब्येत सगळ्यात चांगली होती, असं सांगितलं की बायका माझ्याकडे संशयाने बघतात. पाय सुजलेले, पाठ धरलेली, रात्री झोप नाही, सगळं होतंच. पण एमएस गप्प होता. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आपल्याच रोगप्रतिकारक पेशी मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडतात. मला त्याआधी डोळ्याचा आणि हाताचा अटॅक येऊन गेला होता. बाळंतपण झालं, बाळ मान धरू लागलं आणि माझा डावा पाय बधिर झाला.

न्यूरॉलॉजिस्ट बाईंना यात काहीच नवल वाटलं नाही. 1998 साली युरोपातल्या 12 देशांमधल्या गरोदर रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. गरोदरपणापूर्वी वर्षाला सरासरी 0.7 अटॅक, शेवटच्या तिमाहीत 0.2, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत 1.2 (सगळे आकडे वर्षाच्या हिशोबाने). माझाच आलेख कुणीतरी आधी काढून ठेवला होता म्हणा ना.

या चढउतारामागचा एक मोठा संशयित म्हणजे इस्ट्रोजेन. (एकटं तेच नाही, प्रोजेस्टेरॉन आणि इतरही बरंच काही त्या काळात बदलतं.) मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. एरवी त्या कचरा उचलतात, तंतूंची देखभाल करतात. बिथरल्या की टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-1 असली दाह भडकवणारी रसायनं सोडतात. ही रसायनं बनवण्याचा हुकूम पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन देतं. इस्ट्राडिओल हे मुख्य इस्ट्रोजेन पेशीतल्या आपल्या रिसेप्टरला, म्हणजे ते ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं की तो रिसेप्टर एनएफ-कप्पा-बीच्या कामात आडवा येतो. म्हणजे हुकूमच दबक्या आवाजात सुटतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे: प्राण्यांच्या मेंदूला इजा झाली की तिथल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशी अरोमाटेज हे एन्झाइम बनवू लागतात आणि जागच्या जागी इस्ट्रोजेन तयार करतात. नराच्या मेंदूतही! आणि आपण त्याला बायकांचं हार्मोन म्हणतो.

गरोदरपणात वार (प्लासेंटा) इस्ट्रिओल नावाचं इस्ट्रोजेन भरपूर बनवते. तेच गोळीतून देऊन पाहिलं तर? अमेरिकेत 164 स्त्रियांवर ही चाचणी झाली, निष्कर्ष 2016 मध्ये आले. नेहमीच्या औषधाला इस्ट्रिओलची जोड दिली तेव्हा अटॅक कमी झाले. पण पहिल्या वर्षाअखेर ठळक दिसणारा फरक दुसऱ्या वर्षाअखेर पुसट झाला होता. मी तो निबंध वाचताना आधी हरखले, मग जरा खट्टू झाले.

आता माझी पाळी अनियमित झाली आहे आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर 'इस्ट्रोजेन घे, मेंदू शाबूत राहील' असे सल्ले फिरतात. मला त्यांचा राग येतो. 2003 साली 65 च्या पुढच्या साडेचार हजार स्त्रियांवरच्या अमेरिकन चाचणीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांच्या दुप्पट निघालं. दाह शमवणारं हार्मोन आणि हा निकाल? एक अंदाज असा, की पाळी जाऊन बरीच वर्षं झाली की पेशींची त्या हार्मोनला प्रतिसाद देण्याची रीतच बदलते, त्यामुळे केव्हा सुरू केलं याला महत्त्व आहे. हा अंदाज अजून पक्का ठरलेला नाही. लवकर सुरू करणाऱ्यांवरच्या चाचण्यांत स्मरणशक्तीचं नुकसान दिसलं नाही, तसा फायदाही दिसला नाही. शिवाय ल्युपससारख्या, रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या दुसऱ्या आजारात हेच हार्मोन आगीत तेल ओतू शकतं.

मला हॉट फ्लशेसचा त्रास आहे आणि त्यावर इस्ट्रोजेन नक्की काम करतं. त्यामुळे पॅच लावायचा विचार आहे, तो झोपेसाठी. एमएसची औषधं आहेत तशीच चालू राहतील. पुढच्या भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघींनी एकमेकींशी फोनवर बोलावं, एवढा आग्रह मी धरणार आहे. आजवर दोघींमधली निरोप्या मीच होते.