‘य’चं बटण मेलं, म्हणून मेनूच्या बटणावर ‘य’ बसवला

इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्ड-मांडणीत ‘य’ स्लॅशच्या बटणावर असतो, उजव्या शिफ्टला लागून. ते एक बटण गेलं तर इंग्रजीत फारसं अडत नाही, मराठीत मात्र दुकान बंद. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका डीटीपीच्या दुकानात ऐन लग्नसराईत नेमकं हेच झालं. पत्रिकेची पहिली ओळ ‘आमचे येथे श्री कृपेकरून’, आणि गाडी दुसऱ्याच शब्दाला अडली.

ऑपरेटर ताईंचा पहिला प्रश्न रास्त होता. “दादा, नंबरपॅडवर पण स्लॅश हाय की. तो चालंल न्हवं?” चालत नाही. दोन्ही बटणांवर चिन्ह एकच छापलेलं असलं तरी कॉम्प्युटरकडे त्यांचे क्रमांक वेगळे जातात. या क्रमांकाला स्कॅनकोड म्हणतात. मधल्या स्लॅशचा स्कॅनकोड ३५, नंबरपॅडच्या स्लॅशचा ई० ३५. मराठी लेआउट ‘य’ देतो तो फक्त पहिल्याला. दुसरा मराठीतही साधा स्लॅशच उमटवतो.

आधी कीबोर्ड उघडायचा की नाही ते ठरवावं. स्वस्त कीबोर्डच्या आत प्लॅस्टिकच्या तीन शीट असतात. वरच्या आणि खालच्या शीटवर वीज वाहणाऱ्या रेघा, मध्ये भोकं असलेली कोरी शीट. एकच बटण मेलं असेल तर दोष बहुधा त्या ठिकाणच्या रबराचा किंवा टेकणाऱ्या ठिपक्याचा. चार-पाच बटणं एकदम गेली असतील तर एखादी रेघ तुटली किंवा गंजली, असं समजायचं. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट, त्यात सांडलेला चहा, मग या रेघा काळ्या पडतात. असा कीबोर्ड बटणं फिरवून वाचत नाही, तो बदलावाच. इथं एकटा स्लॅश गेला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पाहिलं, फरक पडला नाही.

चार-पाचशे रुपयांत नवा कीबोर्ड येतो हे खरं, पण रात्री दहाला पत्रिका प्रेसला जायची असेल तर तो सल्ला कामाचा नाही. स्लॅशच्या खालच्याच ओळीत, उजव्या कंट्रोलशेजारी, मेनूचं बटण असतं. ते दाबलं की राइट क्लिकची यादी उघडते. वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावत नाही, आणि त्याच्यावाचून अडतही नाही, शिफ्ट आणि एफ१० मिळून तेच काम होतं. हेच बटण धरलं. आधी ते दाबून यादी उघडते का हे पाहून घ्या, नाहीतर एका मेलेल्याचं काम दुसऱ्या मेलेल्याच्या गळ्यात पडायचं.

बटण कुठल्या पातळीवर फिरवायचं, खरा प्रश्न हा आहे. ऑटोहॉटकीसारख्या बटणं फिरवायच्या साधनानं ‘मेनू दाबला की य हे अक्षर पाठव’ असं सांगता येतं. पण ते अक्षर युनिकोडचं. त्याच मशिनवर पानं जुळवायचा जुना प्रोग्रॅम पेजमेकर ७ आणि जुने फाँट चालतात, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या साधनांच्या संचातला कीबोर्ड मॅनेजर बटणाच्या जागी बटण देतो, मांडणीही सोपी आहे. मात्र तो चालू असेपर्यंतच चालतो, लॉगिनच्या पडद्यावर नसतो, आणि ॲडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत चालायचा तर त्यालाही ॲडमिन म्हणूनच चालवावं लागतं. शिवाय मराठी टायपिंगची बरीच सॉफ्टवेअर बटणं मध्येच अडवून आपली अक्षरं देतात. दोघं एकाच बटणावर टपून बसले की आधी कोण पकडेल याचा भरवसा धरू नये. म्हणून माझा कौल विंडोजच्या स्कॅनकोड मॅपला, म्हणजे कुठलं बटण कुठलं मानायचं याच्या विंडोजमधल्याच यादीला. तिथं बदल सगळ्यांच्या मुळाशी होतो. इनस्क्रिप्ट, जुन्या फाँटचा टायपिंग प्रोग्रॅम, इंग्रजी, सगळ्यांना वाटतं खरा स्लॅशच दाबला गेला. शिफ्टबरोबर इंग्रजीत प्रश्नचिन्हही येतं.

रेजेडिट, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलायचा प्रोग्रॅम, ॲडमिन म्हणून उघडलं. वाट अशी: एचकी लोकल मशिन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, कीबोर्ड लेआउट. शेजारीच ‘कीबोर्ड लेआउट्स’ नावाचं दुसरं फोल्डर असतं, त्यात शिरू नका. आपलं एकवचनी. काही करण्याआधी त्यावर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करून ठेवलं. मग नवी बायनरी व्हॅल्यू, नाव ‘स्कॅनकोड मॅप’. त्यातलं स्कॅनकोड हे इंग्रजीत एकच शब्द म्हणून लिहायचं, मॅपच्या आधी एक जागा सोडायची. नाव चुकलं तर विंडोज तक्रार करत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं.

हात लावलाच आहे तर कॅप्स लॉकला डावा शिफ्ट करून टाकला. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, ण, ळ, श सगळे शिफ्टवर, करंगळीला दिवसभर तेवढंच काम. रुंद कॅप्स लॉक त्या कामी आला तर बरंच. तोटा इतकाच की इंग्रजी मथळा सगळा मोठ्या अक्षरांत हवा असेल तर शिफ्ट दाबून धरावा लागतो.

व्हॅल्यूच्या चौकटीत आठ-आठच्या तीन ओळी भरायच्या, एकूण चोवीस बाइट. पहिली ओळ आठ वेळा ००. दुसरी ०३ ०० ०० ०० ३५ ०० ५डी ई०. तिसरी २ए ०० ३ए ०० ०० ०० ०० ००. यातली ए, डी, ई ही इंग्रजी अक्षरं, सोळाच्या मोजणीतले अंकच. मधल्या जागा टाइप करायच्या नाहीत, चौकट त्या आपोआप सोडते. ०३ म्हणजे दोन बदल आणि शेवटची चार शून्यं हा तिसरा. शेवटचा धरून मोजायचं, इथं बरेच जण चुकतात. नंतर प्रत्येक बदलाचे चार बाइट: आधी बटणानं काय व्हायचं, मग मूळ बटण. मेनूचा कोड ई० ५डी, पण बाइट उलटे भरायचे असल्यानं तो ५डी ई० असा जातो. कॅप्स लॉक ३ए, डावा शिफ्ट २ए.

पहिल्या खेपेला मीच क्रम उलटा भरला, आधी ५डी ई०, मग ३५. त्याचा अर्थ झाला ‘स्लॅश दाबला की मेनू उघड’. स्लॅश मेलेलाच, त्यामुळे पडद्यावर काहीच दिसलं नाही, आणि चूक कुठं आहे हे कळायला दोन रीस्टार्ट गेले. आणखी एक फसगत: चौकटीच्या उजव्या कडेला अक्षरांचा एक रकाना असतो. कर्सर चुकून तिथं असला तर शून्य टाइप केल्यावर ०० ऐवजी ३० उमटतं. भरून झालं की डावीकडची प्रत्येक जोडी एकदा बोट ठेवून वाचावी.

मग रीस्टार्ट. शट डाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर साठवला जातो. रीस्टार्टच द्या.

नोटपॅडमध्ये ‘उद्यमनगर’ लिहून पाहिलं. शिफ्ट-जी, ओ, डी आणि मग मेनू, की ‘उद्य’ जुळलं. ‘दुसऱ्या’साठी शिफ्ट-जे, डी, मेनू. ताईंनी ‘सूर्यकांत’ आणि ‘विद्या’ काढून पाहिलं आणि पत्रिका पुढं सुरू.

दोन दिवसांनी मेलेलं बटण अधूनमधून जिवंत व्हायला लागलं आणि मजकुरात नको तिथं ‘य’ पडायला लागले. त्यावर उपाय म्हणजे त्याला निजवणं: शेवटच्या चार शून्यांच्या आधी ०० ०० ३५ ०० घालायचं आणि ०३ चं ०४ करायचं. मेनूवरचा ‘य’ यानं बंद पडत नाही, कारण विंडोज एका बटणाला एकदाच बदलतं, बदललेल्याला पुन्हा नाही.

हा बदल कीबोर्डचा नसून त्या मशिनचा आहे, हे लक्षात ठेवा. नवा कीबोर्ड लावला तरी मेनू ‘य’च देईल आणि त्याचा चांगला स्लॅश झोपलेला राहील. तेव्हा व्हॅल्यू उघडून कॅप्स लॉकचा बदल तेवढा ठेवावा आणि मोजणी ०२ करावी. काही कीबोर्डवर मेनूच्या जागी एफएन असतं, ते आपला कोड कॉम्प्युटरला पाठवतच नाही, म्हणून फिरवता येत नाही. नव्या कीबोर्डवरचं कोपायलटचं बटणही नको, ते एका दमात विंडोज, शिफ्ट आणि एफ२३ असे तीन कोड पाठवतं. तिथं उजवा कंट्रोल असेल तर तो घ्या, कोड ई० १डी, म्हणजे चौकटीत १डी ई०.

स्लॅशची टोपी काढून मेनूवर बसवायचा मोह झाला होता, पण मेनूची टोपी रुंद असते, बसत नाही. शेवटी मेनूच्याच टोपीवर व्हाइटनरनं ‘य’ रेखला. तो चार दिवसांत पुसायला लागला, तेव्हा ताईंनी वरून पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात दिला.