काचेची खोली आणि मधले दार

इंग्लंडमध्ये घरामागे कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे घराला जोडलेली काचेची खोली, बांधायची म्हटले की पहिली चौकशी होते ती प्लॅनिंग परमिशनची, म्हणजे बांधकामाच्या सरकारी परवानगीची. आमचे घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेले, असल्याने मीही सुरुवात तिथूनच केली. पण खरी मेख बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये, म्हणजे बांधकामाच्या दर्जाच्या आणि सुरक्षिततेच्या नियमांमध्ये आहे, आणि एकातून सुटका झाली म्हणून दुसऱ्यातून आपोआप होत नाही.

प्लॅनिंगचे प्रकरण त्या मानाने सरळ आहे. सेमी-डिटॅच्ड किंवा टेरेस्ड (ओळीतल्या) घराच्या मूळ मागच्या भिंतीपासून 3 मीटर आणि डिटॅच्ड (सुट्या) घराच्या 4 मीटरपर्यंतचे, 4 मीटरहून उंच नसलेले एकमजली बांधकाम सर्वसाधारणपणे ‘पर्मिटेड डेव्हलपमेंट’मध्ये बसते, म्हणजे त्याला वेगळी परवानगी लागत नाही. शेजारच्या हद्दीपासून 2 मीटरच्या आत आल्यास वळचणीची उंची 3 मीटरहून जास्त चालत नाही. ‘मूळ’ म्हणजे घर 1 जुलै 1948 रोजी होते तसे, किंवा नंतरचे असल्यास प्रथम बांधले तसे. त्यामुळे आधीच्या मालकाने केलेली वाढही आपल्याच हिशेबात धरली जाते. फ्लॅटला ही सवलत नाही.

बिल्डिंग रेग्युलेशन्समधून सूट मिळायची तर खोली तळमजल्यावर आणि 30 चौरस मीटरपेक्षा लहान हवी, घराचे सेंट्रल हीटिंग तिच्यात ओढलेले नसावे, आणि घर व ती यांच्यामध्ये बाहेरच्या दर्जाची भिंत, दार, खिडक्या कायम राहाव्यात. नेमके इथेच आपल्या लोकांचे घोडे अडते. पुण्या-मुंबईत बाल्कनी हॉलमध्ये घ्यायची सवय असलेल्या माणसाला ते मधले दार डोळ्यांत खुपते. पण ते काढले की सूट गेली, आणि ती खोली इतर एक्स्टेन्शनप्रमाणेच उष्णतारोधनासह सगळ्या निकषांना उतरावी लागते.

सूट असली तरी काच आणि वीज यांचे नियम सुटत नाहीत. जमिनीपासून 800 मिलिमीटरच्या आतली, तसेच दारातली आणि दाराशेजारची 1500 मिलिमीटरपर्यंतची काच सुरक्षित प्रकारची लागते. अशा काचेच्या कोपऱ्यात बारीक, न पुसला जाणारा शिक्का असतो. बिल चुकते करण्यापूर्वी तो प्रत्येक तावदानावर स्वतः वाकून पाहावा.

उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात गारठा, म्हणून काही वर्षांनी काचेच्या जागी कौलारू छप्पर घालण्याचा मोह होतो. तेव्हा मात्र सहसा बिल्डिंग कंट्रोलची, म्हणजे हे बांधकामाचे नियम तपासणाऱ्या यंत्रणेची, मंजुरी लागते, कारण जुना पाया आणि चौकट हा वाढीव भार पेलतील का, हे आधी तपासावे लागते.